आठल्येवर लक्ष

आठल्ये बाटली उलटी करून तिच्या बुडाला टिचकी मारत होता, आणि मी त्याच्यावर लक्ष ठेवून होते.

टिचकी मारायची ती बुडबुड्यासाठी. तळाजवळून वर आणलेल्या पाण्यात हवेचा एवढासा बुडबुडा राहिला तरी ऑक्सिजनचा आकडा खोटा येतो. त्याने बाटली उजेडाकडे धरली, डोळ्यांच्या फार जवळ नेली, पुन्हा टिचकी मारली. बुडबुडा नव्हता. मला तर दोन पावलं लांबून दिसत होतं, नव्हता.

"तारीबाई," तो न वळता म्हणाला, "सावली पडतेय."

"कोणाची?"

"तुमचीच. सकाळपासून."

मी बाजूला झाले. फार नाही.

बोट खाडीच्या तोंडापासून बरीच बाहेर, नांगर टाकून उभी होती. फेब्रुवारीतलं पाणी, तेलासारखं सपाट. सुकाणूपाशी आमचा तांडेल दाजी कोयंडे पाय पसरून बसला होता. बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेकडच्या सावलीत दोन खुर्च्या टाकल्या होत्या. एकीवर आमच्या केंद्राचे संचालक सुंदरेशन सर. दुसरीवर वारियरबाई, कोचीहून आलेल्या, समुद्रविज्ञानातलं मोठं नाव. त्या आमची परीक्षा घ्यायला आल्या होत्या. तसं कोणी म्हणत नव्हतं. कागदावर 'भेट' होतं.

गोष्ट जुनी आहे. तरी ती टिचकी मला अजून ऐकू येते.

*

कोण कोण ते सांगते, मग पुढे जाऊ.

आमचं केंद्र लहान. देवगडच्या खालच्या अंगाला, खाडीच्या तोंडाशी एक प्रयोगशाळा, एक बोट, मूठभर माणसं. मी तळाच्या गाळातल्या किड्यांवर काम करायचे. आठल्ये पाण्याच्या रसायनावर. तो देवरुखचा, मी मालवणची. दोघं जवळजवळ एकाच वेळी लागलो, एकमेकांना 'तुम्ही' म्हणत केस पिकवले.

सुंदरेशन सर जूनअखेर निवृत्त होणार होते. लहान सागरी संस्थांमध्ये पुढची माणसं घडवण्यासाठी दिल्लीहून एक योजना निघाली होती. ज्या केंद्राकडे नेतृत्व करू शकेल असा माणूस आहे, त्याला आधार द्यायचा. जिथे नाही, ते केंद्र मोठ्या संस्थेत विलीन करायचं, म्हणजे बोट जाणार, प्रयोगशाळेला कुलूप, आणि आम्ही नमुने गोळा करून पाठवणारे हमाल. ते वारियरबाईंच्या एका शेऱ्यावर ठरणार होतं.

आणि त्या आमच्याकडे आल्या होत्या ते आठल्येच्या विक्रमामुळे. गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या किनाऱ्याजवळ तळाच्या पाण्यात आजवरचा सर्वांत कमी ऑक्सिजन सापडला, असं त्याचे आकडे सांगत होते. समुद्र गुदमरतोय. वर्तमानपत्रांत आलं होतं.

फक्त माझे किडे गुदमरले नव्हते.

त्याच महिन्यांत, त्याच जागेवरून काढलेल्या गाळात ते वळवळत होते. इतक्या कमी ऑक्सिजनमध्ये ते मेलेले असायला हवे होते. मी चाळण पुन्हा पुन्हा धुतली, भिंगाखाली पुन्हा पाहिलं. जिवंत. मी अहवालात तसं लिहिलं आणि गप्प बसले.

*

मग दिवाळीची सुट्टी संपली आणि सरांनी मला बोलावलं.

इथे सरांचं मराठी सांगायला हवं. ते तंजावरकडचे. आल्या दिवसापासून हट्टाने मराठी बोलत. "इंग्रजीत तुम्ही साहेबाशी बोलता," म्हणायचे, "मराठीत माझ्याशी." मराठी त्यांनी जेटीवर, मासळीबाजारात, आमच्याच तोंडून उचललं. लिंग मात्र त्यांना शेवटपर्यंत वश झालं नाही. 'बोट आला का?' 'माझी चहा कुठे?' आम्ही पाठीमागे नक्कल करायचो. आठल्ये सगळ्यांत छान करायचा.

"तारी, दार लावा."

लावलं.

"आठल्येवर लक्ष ठेवा."

"म्हणजे, सर?"

"लक्ष. जवळून. आणि त्याला कळू देऊ नका. फार स्वाभिमानी माणूस आहे."

"काही झालंय का?"

"मी शब्द दिली आहे. शब्द दिली की बोलता येत नाही."

एरवी मी त्या 'दिली'ला मनात हसले असते. त्या दिवशी नाही हसले. मला माझे किडे आठवले. म्हणजे सरांनाही संशय आहे. समुद्र गुदमरतोय म्हटलं की बातमी होते, नाव होतं, योजना मिळतात. समुद्र ठीक आहे म्हटलं की काय मिळतं?

मी लक्ष ठेवायला लागले.

*

लक्ष ठेवलं की दिसतंच. हा त्यातला धोका.

रसायनाच्या खोलीच्या खिडकीला आतून काळं कापड लागलं होतं. तो दाराला आतून कडी घालून काम करायला लागला होता. मी एकदा दार वाजवलं तर आत काहीतरी पटकन झाकल्याचा आवाज आला. दार उघडलं तेव्हा टेबल पुसलेलं.

"काय हवंय?"

"काही नाही. स्टार्च उरलंय का विचारायला आले."

"किड्यांना स्टार्च कधीपासून लागायला लागलं?"

"माझ्या इस्त्रीला."

तो हसला नाही. आधी हसला असता.

कॅन्टीनमध्ये तो मागे बसायला लागला, माझ्या पाठीशी. मी फोनवर बोलायला व्हरांड्यात गेले की तो पायरीवर यायचा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. त्याला माझी भीती वाटतेय, म्हणजे भिण्यासारखं काही आहे. असा मी हिशोब मांडला.

केंद्रातल्या मंडळींना वास लागला. काही त्याच्या बाजूला बसायला लागले, काही माझ्या. कोणी भांडलं नाही. आम्ही फक्त एकमेकांच्या खोलीत जायचं बंद केलं. समुद्र एकच आणि त्याचे दोन निकाल.

मला ठरवायचं होतं. आकडे खोटे असतील आणि मी गप्प राहिले, तर सर गेल्यावर मी एक खोटं सांभाळत बसणार. बोलले, तर केंद्र बुडणार, आणि तेही माझ्या तोंडून.

*

बोटीवर परत. जेवणाची वेळ.

दाजीने बांगडे तळले होते. वारियरबाई काटे काढण्यात आमच्यापेक्षा तरबेज निघाल्या. त्या इंग्रजीत बोलत, मी मराठीत सांगते.

"सुंदरेशन, तुमच्यानंतर कोण?"

"दुसरा फळी तयार आहे," सर म्हणाले. मग इंग्रजीत समजावलं.

"फळी नको. नाव सांगा."

"दोघं. आठल्ये आणि तारी. दोघं मिळून."

"दोघं मिळून म्हणजे कोणी नाही." त्यांनी काटा ताटाच्या कडेला ठेवला. "मी अशा बऱ्याच संस्था बघितल्यात. माणसं हुशार, यंत्रं झकास, आणि काही बिघडलं की सगळे एकमेकांकडे बघतात. मला संध्याकाळच्या चहापर्यंत एक नाव द्या."

आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं.

"हे बघा," वारियरबाई म्हणाल्या.

दाजी हसला. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण हसण्याजोगी जागा त्याला कळली. "मॅडम," तो मला म्हणाला, "होडयेक तांडेल एकच आसता. दोन झाले तर होडी गोल फिरता."

"दाजी, बांगडो वाढ," मी म्हटलं.

आठल्येने वर पाहिलं. त्याची नजर माझ्यावरून वारियरबाईंवर गेली, पुन्हा माझ्यावर आली. त्या नजरेत मला स्पष्ट वैर दिसलं.

*

जेवण झाल्यावर वारियरबाई उठल्या आणि म्हणाल्या, "आठल्ये, एक बाटली इथे करून दाखवा."

"जेटीवर पोचलो की करतो. बोट हलतेय."

"समुद्र तर ताटासारखा आहे."

"प्रकाश नीट नाही."

भर दुपार होती. वारियरबाईंनी आकाशाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "एकच," त्या म्हणाल्या. आवाज बदलला होता.

ही कृती ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: पाण्यात औषधं घालून ऑक्सिजन पकडून ठेवायचा. मग ते पिवळं होतं. त्यात स्टार्च घातलं की गडद निळं. वरच्या काचेच्या नळीतून, ब्युरेटमधून, दुसरं द्रावण थेंबाथेंबाने सोडायचं. निळं फिकट होत होत एका थेंबाला नाहीसं होतं. तिथे थांबायचं. जितकं द्रावण लागलं तितका ऑक्सिजन. अलीकडेच थांबलात तर आकडा कमी येणार. समुद्र गुदमरलेला दिसणार.

आठल्ये खाली मांडी घालून बसला. चंबू पांढऱ्या बशीवर ठेवला. निळं झालं. तो थेंब सोडू लागला. वारियरबाई ब्युरेटवरच्या खुणा वाचायला चष्मा शोधत होत्या. सर उठून त्याच्या मागे येऊन उभे राहिले. मी समोर, गुडघ्यावर.

थेंब. थेंब. निळं उतरत गेलं. आभाळाएवढं फिकट झालं. पण होतं.

"झालं," आठल्ये म्हणाला.

झालं नव्हतं. निळं होतं. परीक्षकाच्या नाकासमोर, भर दुपारी, तो अलीकडे थांबला होता.  असा उघड. इतका निर्ढावलेला. हाच तो विक्रम, असाच तो बनवला गेला, असाच तो छापून आला. मी तोंड उघडलं. शब्द तयार होता. तो शब्द 'खोटं' होता.

"तारी," सर म्हणाले. सगळ्यांसमोर, मोठ्याने, मराठीत. "आठल्येवर लक्ष ठेवा."

मी वर पाहिलं. सरांचा हात आठल्येच्या पाठीमागे होता. टेकलेला नाही, वीतभर अंतरावर, पंजा उघडा. जेटीच्या कडेला पोर गेलं की आई धरते तसा.

*

हेच पुन्हा सांगते.

चोरावर लक्ष ठेवतात. बाळाकडे लक्ष ठेवतात. एवढा एक शब्द. 'दिली' चुकलं ते आम्हाला ऐकू यायचं, कारण वाक्य वाकडं व्हायचं. 'आठल्येवर लक्ष ठेवा' हे वाक्य सरळ होतं, शुद्ध होतं. त्यात चूक आहे हे ऐकू यायला काही जागाच नव्हती.

तर पुन्हा.

जेवणानंतर वारियरबाईंनी एक बाटली करून दाखवायला सांगितलं, आणि आठल्ये घाबरला. प्रकाश नाही म्हणाला, कारण त्याच्यासाठी नव्हता. तो मांडी घालून बसला. चंबू पांढऱ्या बशीवर ठेवला, कारण पांढऱ्यावर थोडं तरी दिसतं. निळं झालं, ते त्याला दिसलं. फिकट झालं, ते कदाचित दिसलं. मग त्याच्यासाठी नाहीसं झालं. तो 'झालं' म्हणाला, आणि म्हणताना त्याने चंबूकडे पाहिलं नाही. माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर उत्तर शोधलं. आता जवळून, लक्ष ठेवून बघताना, मला त्याचे डोळे दिसले. ते माझ्या चेहऱ्याच्या जरा बाजूला बघत होते.

सकाळची बाटली. नाकाला लागेल इतकी जवळ नेलेली.

"एक थेंब राहिला," मी म्हणाले.

वारियरबाईंना चष्मा सापडला होता. "काय?"

"आमच्याकडे शेवटचा थेंब दुसऱ्याने सांगायचा असतो. ब्युरेट एकाच्या हातात, रंग दुसऱ्याच्या डोळ्यात."

"असा नियम आहे?"

"आहे."

नव्हता.

"जुनी नियम आहे," सर म्हणाले.

मी चंबूकडे पाहिलं. "सोडा. अजून. अजून." प्रत्येक 'अजून'ला आठल्ये एक थेंब सोडत होता. "अजून एक. थांबा."

पाणी पाण्यासारखं झालं होतं.

आज केंद्रात नवीन माणूस आला की त्याला पहिल्या आठवड्यात हा नियम शिकवतात. कुठून आला ते कोणी विचारत नाही.

*

वारियरबाई जेटीवरून पाहुण्यांच्या खोलीत गेल्या. चहाला वेळ होता. आठल्ये माझ्याशी न बोलता चालत राहिला, रसायनाच्या खोलीचं कुलूप काढलं, आत गेला. दार उघडं ठेवलं. मी शिरले.

"डोळे?" मी विचारलं.

"काचबिंदू. निळा आधी जातो. डॉक्टर म्हणाले, लाल राहील बराच काळ. मी म्हटलं, लाल बघायला मी काय सिग्नलवर उभा राहू?" तो स्टुलावर बसला. "सरांशिवाय कोणाला माहीत नाही. आणि आता तुम्हाला."

"मला वाटलं..."

"मला माहितेय तुम्हाला काय वाटलं. दिवाळीपासून माझ्या पाठीवर जाणवतंय ते."

"सर म्हणाले, लक्ष ठेवा."

तो थांबला. "कोणावर?"

"तुमच्यावर."

"मला म्हणाले, तारीवर लक्ष ठेवा."

मी टेबलाला टेकले. मग मी, "कशासाठी?"

"तुमचा कोचीचा अर्ज. सरांच्या टेबलावर पाहिला मी. मला वाटलं, बाई आमचे आकडे घेऊन वारियरकडे चालल्या. आज ती बाई बोटीवर चढली तेव्हा म्हटलं, झालं, न्यायला आली."

अर्ज खरा होता, वारियरबाईंच्या संस्थेतल्या जागेसाठी. मी तो दिवाळीआधी सरांकडे दिला होता, कंटाळून. इथे काही होणार नाही असं वाटून. सरांनी तो पुढेही पाठवला नव्हता आणि परतही दिला नव्हता.

"तो फोन? व्हरांड्यातला?" मी विचारलं. "पायरीवर उभे राहून ऐकलंत ना?"

"ऐकलं. तुम्ही कोणाला तरी सुरमईचा भाव विचारत होतात. मला वाटलं, सांकेतिक भाषा आहे."

आम्ही हसलो. हसणं नको इतकं लांबलं, कारण ते संपलं की काय येणार ते दोघांनाही माहीत होतं.

त्याने टेबलावरचं फडकं काढलं. प्लायवूडची पेटी होती. एका बाजूला छोटा दिवा, दुसऱ्या बाजूला उजेड मोजणारा काचेचा ठिपका, वायर, आणि मोठ्या आकड्यांचा मीटर. चंबू पेटीत ठेवायचा. निळं गेलं की उजेड आरपार जातो, आकडा वाढायचा थांबतो. म्हणून खिडकीला काळं कापड. म्हणून कडी.

"दिवाळीनंतर बनवली," तो म्हणाला. "हिच्यावर माझा डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास आहे."

"माझा नाही अजून," मी म्हणाले. "सकाळच्या बाटल्या काढा."

पहिली मी डोळ्यांनी केली. तिची जोडीची बाटली त्याने पेटीत केली. मग आणखी जोड्या. पेटी आणि मी जुळलो. मग मी म्हटलं, "आता एक तुम्ही. पेटीशिवाय."

त्याने केली. आकडा कमी आला. दुसरी केली. कमी. किती कमी ते दरवेळी वेगळं, पण कधीच जास्त नाही.

आता विचारणं भाग होतं.

"पेटी दिवाळीनंतरची. त्याआधी?"

तो ब्युरेट धुवायला लागला.

"गणपतीपासून दिवाळीपर्यंत, आठल्ये?"

"डोळ्यांनी."

"म्हणजे विक्रम..."

"डोळ्यांनी."

माझा संशय खरा होता. कारण चुकीचं होतं, माणूस चुकीचा समजला होता, पण आकडे खोटेच होते.

"केव्हा कळलं तुम्हाला?"

"तुमचा किड्यांचा अहवाल वाचला तेव्हा. जिवंत आहेत म्हणून लिहिलं होतंत." त्याने पेटीचा दिवा विझवला. "तेव्हा पेपरात येऊन गेलं होतं. आईने कात्रण देवापाशी ठेवलंय."

"सरांना?"

"डोळ्यांचं सांगितलं. आकड्यांचं नाही."

*

सर दारात होते. किती वेळ, माहीत नाही.

आत आले, स्टूल ओढलं. मी त्यांना त्यांची चूक सांगितली. वर आणि कडे. चोर आणि बाळ. त्यांनी दोन्ही शब्द तोंडात घोळवले, जसा ते नवीन माशाचं नाव घोळवत.

"म्हणजे मी तुम्हाला पोलीस केलं."

"दोघांनाही," आठल्ये म्हणाला.

"आणि मला वाटलं, मी तुम्हाला एकमेकांच्या हातात दिलं."  मग म्हणाले, "पण काळजीने तुम्ही इतका बारीक बघितला असता का? तारी, खरं सांगा. काळजीने माणूस डोळे झाकतो."

 मला त्यांच्याकडे बघताना पहिल्यांदा वाटलं, या माणसाला मराठी आम्ही समजतो त्यापेक्षा जास्त येत असावं. तो संशय मी त्यांना कधी विचारला नाही. आता विचारायची सोय नाही.

"चहाची वेळ झाला," सर म्हणाले. "काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी कोणाचा शब्द आता धरून ठेवत नाही."

ते गेले.

"विक्रम खोडला तर त्या बाईला इथे थांबायला काही कारण उरत नाही," आठल्ये म्हणाला. "केंद्र गेलं."

"न खोडला तर?"

"तर पुढच्या पावसाळ्यानंतर पेटी खरे आकडे देणार आणि जग म्हणणार, समुद्र सुधारला. मग काय, समुद्राचं अभिनंदन करायचं?"

"तुम्ही सांगता की मी सांगू?"

"मी." तो उठला. टेबलाच्या कोपऱ्याला त्याची मांडी आपटली. मी हात पुढे केला, टेकवला नाही.

*

वारियरबाईंसमोर चहा होता. आठल्येने उभ्यानेच सांगितलं. डोळे, महिने, पेटी. कुठे थांबला नाही, कुठे सावरून घेतलं नाही. आईचं कात्रण तेवढं वगळलं.

वारियरबाई ऐकत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मग त्यांनी कप बाजूला केला.

"तुमची प्रकृती हा तुमचा प्रश्न. मला वाईट वाटतं. पण ते आकडे तुमचे म्हणून छापले नाहीत. केंद्राचे म्हणून छापले. दुसऱ्या कोणाच्या तरी किड्यांनी वेगळं सांगितलं होतं, तेही याच छपराखाली. ते कागद शेजारी ठेवून कोणी पाहिले नाहीत." त्या आम्हा तिघांकडे आळीपाळीने बघत होत्या. "हे केंद्राचं उत्तर आहे का? असेल, तर केंद्र म्हणजे कोण?"

सरांनी बोलायला तोंड उघडलं. ते 'मी' म्हणणार होते. ते म्हटलं असतं तर ते खरंही ठरलं असतं, आणि जूनअखेर ते उत्तर त्यांच्याबरोबर तंजावरला निघून गेलं असतं.

"मी," मी म्हणाले.

आठल्येने आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"तुम्ही संचालक नाही," वारियरबाई म्हणाल्या.

"नाही. पण हे आकडे मागे घेतल्याचं पत्र माझ्या सहीने जाईल. पेपरवाल्यांना मी सांगेन. पुढच्या वर्षी कोणी विचारलं तरी मलाच विचारा. तुम्ही सकाळपासून नाव मागताय. वैजयंती तारी."

"आणि तुमचा आमच्याकडे अर्ज येणार आहे असं मी ऐकलं होतं."

"तो पोचला नाही. पोचणार नाही."

त्यांनी चष्मा काढला, पुसला. "तारी, मी इथे एका विक्रमासाठी आले. तो गेला. आता तुमच्याकडे दाखवण्यासारखं काय उरलं?"

मी विचार केला. एक प्लायवूडची पेटी. चाळणीतले किडे. निळा रंग न दिसणारा एक रसायनतज्ज्ञ. यातलं काहीच मोठ्याने सांगण्यासारखं नव्हतं. खिडकीतून जेटी दिसत होती. दाजी बोट धूत होता.

"उद्या सकाळी भरतीबरोबर बोट निघेल," मी म्हणाले. "आम्ही त्याच जागेचं पाणी पुन्हा आणतो, गाळही आणतो. दोन्ही एका टेबलावर ठेवतो. तुमची उद्याची गाडी रद्द करा."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. आठल्येने खाली पाहिलं. परीक्षेला आलेल्या बाईला गाडी रद्द करायला आमच्या केंद्रात आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

वारियरबाईंनी कप पुन्हा जवळ ओढला. चहावर साय धरली होती. ती त्यांनी चमच्याने बाजूला केली.

"किती वाजता निघायचं?" त्यांनी विचारलं.